त्रेपन्नावा आठवडा

ऑफिसात त्याला सगळे 'टाइमटेबल' म्हणत. तोंडावर म्हणत आणि तो ओ देत असे, म्हणजे नाव पक्कं झालं होतं. बाकीच्यांना काम विचारलं तर ते दहा मिनिटं सांगत बसत. याचं काम दोन वाक्यांत संपे, आणि ऐकणारा लगेच विषय बदले. कंपनीत एक्केचाळीस टीम होत्या. प्रत्येक टीमच्या बैठकीची एक साधी मजकुराची फाईल. तिच्यात ओळीखाली ओळ: टीमचं नाव, वार, वेळ, खोली, प्रमुख कोण, किती आठवड्यांनी. या फायली तो एका प्रोग्रॅमला चारत असे आणि दुसऱ्या बाजूने कॅलेंडरच्या फायली बाहेर पडत. त्या फोनात घेतल्या की बैठकीआधी पंधरा मिनिटं फोन वाजे. माणसं उठत, वही उचलत, चालू लागत. चारशेवर माणसांना उठवणारा हा एकटा. पण फोन वाजला की कुणाला याची आठवण होत नसे. न वाजला, की मात्र तासाभरात सगळ्या मजल्यांवर याच्या नावाचा पुकारा.

त्याला त्याचं काही वाटत नसे. खरं तर बरेच दिवस त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की ओठ जसा आपलाच असून आपला राहत नाही, तसं आई गेल्यापासून त्याचं अख्खं झालं होतं. जेवत होता, दाढी करत होता, विनोद झाला की योग्य जागी हसतही होता. लग्न ठरता ठरता दोनदा राहिलं, त्याचीही खंत आता करायची म्हणून करावी लागे.

आई शेवटच्या आजारात ऐंशी दिवस दवाखान्यात होती. तिच्याजवळ कोण कधी थांबलं याची नोंद ताईने ठेवली होती, आणि ठेवली होती हे कुणाला ठाऊक नव्हतं. आईचं कपाट रिकामं करायला दोघं बसली, तेव्हा साड्यांच्या घड्यांवर तिने ती छोटी वही टाकली.

"माझे एकसष्ट," ताई म्हणाली. "तुझे एकोणीस."

त्या वेळी तो काहीही बोलला असता तरी चाललं असतं. भांडला असता, रडला असता, वही फाडली असती तरी ताईने त्याला पोटाशी धरलं असतं. त्याने वही पाहिली आणि म्हणाला, "बेरीज बरोबर आहे."

तिथून दोघांचं बोलणं संपलं. भांडण म्हणावं तर आवाज चढलाच नव्हता.

सहा महिन्यांनी बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. अर्धं तोंड, एक हात, एक पाय. डॉक्टर म्हणाले, एकटं राहता येणार नाही. ताईचं घर शहराच्या एका टोकाला, याचं दुसऱ्या. त्या दिवशी ताईचा मेसेज आला: 'एक आठवडा तू, एक आठवडा मी. यापुढे मोजायला काही उरायला नको.' याने उत्तर पाठवलं: 'फाईल करून देतो.'

आणि खरंच करून दिली. नाव: बाबा. वार: सोमवार. वेळ: साडेअकरा. प्रमुख: विषम आठवड्यांत तो, सम आठवड्यांत ताई. ज्याचा आठवडा, त्याचाच फोन वाजायचा. म्हणजे वर्षाचा पहिला, तिसरा, पाचवा आठवडा याचा. दुसरा, चौथा, सहावा तिचा. जागा लिहिली व्यायामाच्या दवाखान्याची, कारण बाबांना दर सोमवारी दहा वाजता तिथं हातपाय हलवायला न्यावं लागे. त्यातच याने सोय पाहिली. ज्याचा आठवडा संपला त्याने दहाला बाबांना बॅगेसकट सोडायचं. ज्याचा सुरू होतोय त्याने साडेअकराला उचलायचं. मधल्या दीड तासात बाबांचा व्यायाम होई, आणि भावाबहिणीला एकमेकांचं तोंड पाहावं लागत नसे. मॅडमना, म्हणजे त्याच्या साहेबिणीला, हे दाखवलं असतं तर त्यांनी सगळ्या टीमना हेच लावलं असतं.

सव्वा वर्ष हे चाललं. फक्त एकदाच, पावसाळ्यानंतर, तो वीस मिनिटं उशिरा पोचला. दवाखान्यातून ते ताईला कळलं, आणि त्याच दिवशी तिने एका फॉर्मचा फोटो पाठवला. वृद्धाश्रमाचा अर्ज. बाबांचं नाव, वय, औषधं, सगळं तिच्या गोल अक्षरात. खाली लिहिलं होतं: 'सही तेवढी बाकी आहे. पुन्हा ते एकटे बसलेले दिसले तर तीही होईल.' याने 'ठीक' लिहिलं.

ठीक काही नव्हतं. विषम आठवड्यांत दिवसा बाबांजवळ एक बाई असे. संध्याकाळी तो दार उघडे तेव्हा आतून बाबा विचारत, "आलास का?" आलेला समोर दिसत असतानाही विचारत. "नाही, अजून वाटेत आहे," असं तो म्हणे, आणि बाबा अर्ध्या तोंडाने हसत. सम आठवड्यांत तो दार उघडून क्षणभर उंबऱ्यात थांबे, मग दिवा लावे. त्याच्या सगळ्या दिवसात चव लागणारा घास तेवढाच होता, आणि तो त्या कागदावरच्या एका सहीने जाणार होता.

डिसेंबरात मॅडमनी त्याला बोलावलं.

"हे त्रेपन्नावं काय काढलंयस रे, टाइमटेबल?"

"यंदा आठवडे त्रेपन्न आहेत, मॅडम. पाचसहा वर्षांनी येतो एक जास्तीचा."

"जास्तीचा? माझ्या रजेच्या अर्जात कधी दिसला नाही तो."

"त्रेपन्नावा विषम, आणि नव्या वर्षाचा पहिलाही विषम. म्हणजे विषमवाल्या टीमच्या बैठका लागोपाठ दोन आठवडे येणार. समवाल्यांची तीन आठवड्यांनी."

"तीन आठवडे बैठक नाही म्हणून कुणी रडत येणार नाही. विषमवाल्यांना फोन कर."

पूर्वी हा घोळ नव्हता. पूर्वी त्याचा प्रोग्रॅम नुसता पहिल्या बैठकीच्या तारखेपासून चौदा चौदा दिवस मोजत जाई. पण मग दोन टीम एकाच खोलीवर आपटू लागल्या, म्हणून उन्हाळ्यात त्यानेच तो बदलला: चौदा दिवस मोजायचे नाहीत, आठवड्याचा नंबर बघायचा. आता नंबर बघायचा म्हटल्यावर त्रेपन्नाव्याची काळजी आलीच. सतरा विषम टीम होत्या. त्याने सतराही प्रमुखांना फोन केले, दोन्हींपैकी कोणती बैठक ठेवायची ते विचारलं, सतरा फायली हाताने दुरुस्त केल्या, दोनदा तपासल्या. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "याच्या हातून बैठक चुकली तर समजा पृथ्वी थांबली." सगळे हसले. तोही योग्य जागी हसला.

अठरावी फाईल त्या यादीत नव्हती. ती टीमच्या फोल्डरात नव्हतीच. 'किरकोळ' नावाच्या फोल्डरात होती.

त्याच महिन्यात ताईने नवा फोन घेतला आणि दोन शब्दांचा मेसेज केला, 'फाईल पाठव.' याने मजकुराची फाईल तीच घेतली, प्रोग्रॅमला दिली, बाहेर आलं ते पाठवून दिलं. याच्या स्वतःच्या फोनात जुनीच फाईल होती, चौदा दिवस मोजणारी. ताईच्या फोनात नवी, नंबर बघणारी. पन्नास, एकावन्न, बावन्न, दोन्ही फोन आपापल्या पाळीला, एकमेकांना पडताळून वाजल्यासारखे वाजले. त्रेपन्नावा आठवडा दोघांच्याही फोनात त्याचाच होता.

त्यानंतरच्या सोमवारी त्याने दहा वाजता बाबांना दवाखान्यात सोडलं. बॅग बाकाखाली ठेवली.

"जातो मी. ताई येईल."

"ती येईल, तू जाशील," बाबा म्हणाले. अर्धं तोंड चालत असलं तरी टोमणा पूर्ण जाई. "माझी बदली तेवढी व्हायची."

सव्वाअकराला त्याचा फोन वाजला नाही. वाजायचं कारणच नव्हतं. त्याच्या हिशेबाने आठवडा ताईचा. तिचाही वाजला नाही. तिच्या फोनाच्या हिशेबाने नव्या वर्षाचा पहिला आठवडा विषम, म्हणजे याचा. ऑफिसात मात्र त्या दिवशी एकही बैठक चुकली नाही. सगळे वेळेवर उठत होते, वह्या घेऊन चालत होते, आणि तो हे काचेतून बघत डबा खात होता.

पावणेचारला फोन आला. दवाखान्याच्या काउंटरवरची बाई.

"तुमचे बाबा खाली बसलेत. साडेअकरापासून. मी दोनदा विचारलं तर म्हणाले, मुलगी गाडी लावतेय. चार तास कुणी गाडी लावत नाही, म्हणून फोन केला."

"आज माझ्या बहिणीचा आठवडा आहे."

"आठवडा कुणाचा ते मला माहीत नाही. बाबा खाली आहेत. तुमच्या बहिणीलाही सांगितलंय."

तो निघाला. वाटेत आपल्याला काय वाटतंय हे त्याने शोधून पाहिलं, खिशात किल्ली आहे का हे चाचपावं तसं. काही हाताला लागलं नाही.

दवाखान्याच्या तळमजल्यावर लांबट, अरुंद जागा होती. एका बाजूला वजनाचं यंत्र, शेजारी लाकडी बाक. बाबा बाकावर ताठ बसले होते. काठी भिंतीला टेकवलेली, आणि बॅग मांडीवर. नेहमी ती पायाशी असे.

"आलास का?" बाबा म्हणाले.

तो काठी उचलायला वाकला. तेवढ्यात मागून चपला वाजल्या आणि ताई आत आली. धापा टाकत होती.

"तुझा आठवडा होता," ती म्हणाली. पावणेदोन वर्षांतलं तिचं तोंडून आलेलं पहिलं वाक्य.

"तुझा."

तिने फोन काढला, त्याने काढला. दोघांनी दोन पडदे एकमेकांसमोर धरले, जत्रेत हरवलेल्या पोराचे फोटो दाखवावेत तसे. त्याच्या फोनात आज ताई होती. तिच्या फोनात आज तो होता. ती अजून तारखा खालीवर करत होती, पण त्याला दोन सेकंदांत सगळं कळलं होतं. त्याच्या धंद्यात एवढं कळायला तेवढाच वेळ लागतो.

ताईचा नव्या फोनावर अजून विश्वास बसला नव्हता. 'नव्या फोनात नीट उतरली नसेल,' एवढं तो म्हणाला असता तरी तिने मान्य केलं असतं, आणि वर स्वतःला दोन शिव्या दिल्या असत्या. वाक्य तोंडाशी तयारही झालं होतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "यंदा आठवडे त्रेपन्न होते. ऑफिसात सतरा जणांना फोन करून सांगितलं. तुला नाही सांगितलं."

"का?"

त्याने खरं कारण शोधलं, आणि जे सापडलं ते देऊन टाकलं. "तू टीमच्या यादीत नव्हतीस."

ताईला एकदम हसू आलं, कडवट, नाकातून. "एवढी फाईल केली शहाण्याने," ती बाबांना म्हणाली, "आणि स्वतःच्या घराला यादीत घेतलं नाही."

"झाली का तुमची बैठक?" बाबा म्हणाले.

"चला बाबा. द्या ती बॅग इकडे."

बाबांनी बॅग सोडली नाही. ताईने जरा ओढली, आणि तिथेच तिचा हात थांबला. बॅगेखाली बाबांची पँट मांडीपासून गुडघ्यापर्यंत भिजून पुन्हा सुकत आली होती. कडेला पांढरट रेघ उठली होती.

मग बाबाच बोलले, एखादी साधी हकिगत सांगावी तसे. "संडास वरच्या मजल्यावर आहे. हात एकच. काठी धरू की बॅग? बॅग ठेवून गेलो असतो, पण तेवढ्यात तुमच्यातलं कुणी आलं असतं आणि म्हणालं असतं, बॅग इथं आणि म्हातारा गेला कुठं. म्हणून बसून राहिलो."

त्याने बाबांना काखेत धरून वर नेलं. बॅगेत बाबांनी स्वतः भरलेले आठवड्याचे कपडे होते, एका हाताने घातलेल्या वाकड्या घड्या. त्याने पँट बदलली, पाय पुसले, मोजे बदलले. बाबा त्याच्या खांद्याला धरून छताकडे बघत उभे होते. आता तरी काही होईल, असं त्याला वाटलं. त्याने वाट पाहिली. मोज्याचं रबर सैल झालं होतं, एवढंच डोक्यात येत राहिलं.

खाली आल्यावर बाबा पुन्हा बाकावर टेकले आणि ताईसमोर हात केला.

"तो कागद दे."

"कोणता कागद?"

"पर्समध्ये घेऊन हिंडतेस तो. माझा आठवडा तुझ्याकडे असतो तेव्हा टेबलावर विसरतेस तो."

ताईचा चेहरा उतरला. "बाबा, मी ते रागात केलं होतं."

"रागात कुणी फॉर्म इतका नीट भरत नाही. माझ्या चष्म्याचा नंबरसुद्धा लिहिलायस."

"आपण घरी जाऊन बोलू."

"कुणाच्या घरी?" बाबा म्हणाले, आणि दोघांनीही आपापल्या फोनाकडे पाहिलं. ते बघून बाबा अर्ध्या तोंडाने हसले. "तेच म्हणतो मी. तिथं निदान खाट एका जागी असते. सोमवारी मला कुणी सोडायचं नाही, कुणी उचलायचं नाही. पेन आहे का कुणाकडे?"

पेन याच्या खिशात होतं. मागितलं, आणि याच्या हाताने ते काढून पुढे केलं, सवयीचा हात. ताईने त्याच्याकडे आणखी एक वही उघडावी तसं पाहिलं. पण बाबांनी बॅग टेबलासारखी मांडीवर घेतली होती, आणि सही सुरू झाली होती. उजवा हात शाबूत होता. नाव पूर्ण लिहिलं, खाली रेघही ओढली.

"झालं," ते म्हणाले. "आता आज मला कुणीही न्या."

ताई घेऊन गेली.

पुढच्या सोमवारी दोन्ही फोन एकदम वाजले, कारण ते दुरुस्त करायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. ताई बाबांना व्यायामाला घेऊन आली होती. साडेअकराला तोही आला. बाबा दोघांना बघून म्हणाले, "वा, आज भरपूर आहेत उचलायला." तिथून तिघं मिळून वृद्धाश्रमात गेली. खोली दुसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट होती आणि संडास खोलीतच. खिडकीतून पाण्याची टाकी दिसे. एक खाट, एक कपाट, दोन खुर्च्या. भेटीची वेळ फक्त रविवारी, चार ते पाच. बाबांनी काठी कुठे टेकवायची ते आधी ठरवलं, मग खाटेवर बसले आणि म्हणाले, "जा आता. ऊन चढलंय."

मंगळवारी ऑफिसात त्याने 'किरकोळ' फोल्डर उघडलं. बरखास्त झालेल्या टीमची फाईल नुसती पुसून चालत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पुसली तर लोकांच्या फोनात बैठक तशीच राहते आणि वर्षानुवर्षं वाजत राहते. आधी शेवटची तारीख घालावी लागते. त्याने तारीख घातली. 'बाबा' नावाच्या दोन्ही पाळ्या, त्याची आणि ताईची, त्या तारखेला संपल्या. मग त्याने नवी फाईल सुरू केली. रविवार. चार. खोली क्रमांक बावीस. किती आठवड्यांनी: दर आठवड्याला. प्रमुख म्हणून स्वतःला घातलं. खाली तीच ओळ पुन्हा लिहिली आणि प्रमुख म्हणून ताईला घातलं. फाईल प्रोग्रॅमला दिली.

प्रोग्रॅम अडला. एकाच खोलीत एकाच वेळी दोन बैठका लागल्या की तो पुढे जात नाही. ही तपासणी त्यानेच बसवली होती. पडद्यावर लाल अक्षरांत दोन ओळींचे नंबर आले.

मॅडम शेजारून जाताना थांबल्या. "काय रे, तुझ्यासुद्धा आपटतात का?"

"हो," तो म्हणाला.

"मग एकीला पुढं ढकल की."

त्याने ताईला मेसेज केला. 'भेटीचा तासच आहे. पहिला अर्धा तास मी, दुसरा तू? की उलट? तसं लावतो.'

उत्तर लगेच आलं नाही. दोन टीमच्या बैठका सुटल्या, माणसं वह्या घेऊन परत आली. त्याने तोवर दोन्ही ओळींतल्या वेळा बदलून ठेवल्या: चार, आणि साडेचार. मध्ये अडचण नको. पाहिलं तर नीट बसत होतं. बहीण जिन्यावर असताना हा लिफ्टमध्ये असेल.

मग फोन थरथरला.

'खुर्च्या दोनच आहेत ना तिथे?'

'दोन.'

खूप वेळ ती काहीतरी लिहीत होती आणि पुसत होती. आलं ते एवढंच: 'मग एक तुझी, एक माझी. बाबा खाटेवर बसतात. चारलाच लाव.'

त्याने तो मेसेज दोनदा वाचला. काही वाटलं का, ते पुन्हा चाचपून पाहिलं. इंजेक्शन उतरायला लागलं की ओठाच्या कडेला मुंग्या येतात आणि आधी दुखतंच. तेवढं काहीतरी होतं. त्याने दुसरी ओळ पूर्ण पुसली. पहिल्या ओळीतली वेळ चार राहू दिली. 'प्रमुख' पुढचं आपलं नाव काढून तिथं 'बाबा' लिहिलं, आणि खाली, टीमच्या फायलींत असते तशी, उपस्थितांची यादी केली: ताई, मी.

या वेळी प्रोग्रॅम अडला नाही. त्याने फाईल ताईला पाठवली. मग स्वतःच्या फोनातली जुनी काढून टाकली आणि तीच नवी त्यातही घेतली.